नोटीस

पत्रात दोनच ओळी लिहिल्या.
कारण कुणी विचारलं नव्हतं, म्हणून दिलं नाही.
मोसिए ग्राँजाँनी चष्मा कपाळावर सरकवला,
कॅलेंडरची पानं उलटत पुटपुटले,
"तीन महिने. म्हणजे दहा फेब्रुवारी."
आणि मग जरा थांबून,
"ओदील, घाटात बर्फ असेल तेव्हा. गाडी जपून चालव."
एकवीस वर्षांचं एवढंच बोलणं झालं.

तेव्हापासून मी आहे, आणि नाही.
सोमवारच्या बैठकीत उन्हाळ्याचा विषय निघाला
की सगळ्यांच्या नजरा माझ्या डोक्यावरून जातात.
कॉफीच्या मशीनपाशी एखादं हसणं अर्ध्यावर थांबतं.
वाईट कुणीच नाही.
माझ्या नावावर आता तारीख छापली आहे, इतकंच,
दह्याच्या डब्यावर असते तशी.

खाली, तळघरात, काही बदललेलं नाही.
आठ अंश. दगडाची ओल. नाकात चढणारा अमोनिया.
स्प्रूसच्या फळ्यांवर चीजची चाकं,
एकेक चाळीस किलोचं, छतापर्यंत,
ज्युराच्या कुठल्या कुठल्या कुरणांतलं गवत पोटात घेऊन झोपलेली.
त्यांना नोटीस कळत नाही.
उचल, पूस, मीठ चोळ, उलट, ठेव.
डावा खांदा ठणकतो.
राजीनामा त्यानं कधीच दिला होता,
मी फक्त सही केली.

माझ्या जागी बातिस्त आला. तेवीस वर्षांचा,
कानांत सतत काहीतरी वाजत असलेला.
पहिल्या दिवशी म्हणाले, ते काढ.
दुसऱ्या दिवशी हातात छोटी हातोडी दिली.
ठोक. ऐक. पुन्हा ठोक.
"काहीच ऐकू येत नाही," म्हणाला.
म्हटलं, मलाही दीड वर्ष येत नव्हतं.
तुझ्याकडे सत्तर दिवस आहेत.

थोडं हातचं राखावं असं मनात आलं.
खोटं कशाला बोलू?
सहाव्या रांगेमागची भिंत जानेवारीत घाम सोडते,
तिथली चाकं दोन दिवस आधी उलटावी लागतात.
हे कुठल्याच वहीत नाही.
सांगितलं नसतं, तर पुढच्या हिवाळ्यात फोन आला असता.
यावा, असं वाटत होतं.
दोन रात्री वाटत होतं.
तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीपाशी नेलं,
मनगट धरून तळहात दगडावर टेकवला.
"इथे," म्हणाले. एवढंच.

ऑफिसातून एक फॉर्म आला, जाणाऱ्यांसाठीचा.
सुधारणा सुचवा, असा एक चौकोन.
सेद्रिकच्या गळ्यात पडलेलं ते पदक आठवलं,
आणि ती नऊ चाकं, कुणाच्या हातांनी उलटलेली.
पेन चौकोनावर बराच वेळ धरून बसले.
मग लिहिलं :
दुसऱ्या जिन्यावरचा दिवा गेला आहे. बदलावा.

गेल्या बुधवारी बातिस्त ठोकत चालला होता, मी मागे.
चौथ्या फळीवर एक चाक पोकळ बोललं.
तो पुढे गेला.
मी जीभ दातांत धरली.
दोन फळ्या. तीन.
मग थांबला, मान तिरकी केली,
मागे आला, पुन्हा ठोकलं, डोळे मिटून.
"इथे आत कुणीतरी नाहीये," म्हणाला.
मी खिशातला खडू पुढे केला.
खूण त्यानंच केली.

आज दहा तारीख.
एप्रन धुऊन, इस्त्री करून आणला होता.
किल्ली टेबलावर ठेवली, सही केली, हात मिळवले,
कुणीतरी आणलेल्या केकचा एक तुकडा खाल्ला.
माझ्या पत्राच्या आठवड्यात आत आलेली चाकं
पुढच्या वर्षीच्या वसंतात पिकतील.
दुकानात रांगेत उभी राहीन,
दोनशे ग्रॅम घेईन, पूर्ण किमतीत.

गाडीत बसले तर कोटाच्या खिशात हातोडी.

परत गेले.
तिचा खिळा खाली, दुसऱ्या जिन्याच्या पायथ्याशी.
दिवा अजून तसाच होता.
सतरा पायऱ्या अंधारात उतरले,
न मोजता.